माल उतरवायची जागा

भिंगरी हे नाव तिच्या दादाने ठेवलं होतं, ती चार वर्षांची असताना. जेवायला बसली तरी दोन घासांच्या मध्ये घरभर एक फेरी मारून यायची, म्हणून. आता ती बेचाळीस वर्षांची होती, महापालिकेच्या रस्ते विभागात अभियंता होती, आणि तरी फोन आला की खुर्चीतून उठून खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत चालत राहायची. समोरच्या टेबलावरचा नकाशे काढणारा म्हणायचा, मॅडमच्या चपलांना ऑफिसने भत्ता द्यायला हवा. ऑफिसात ती मॅडम होती. भिंगरी म्हणणारी माणसं जगात दोनच उरली होती, दादा आणि वहिनी.

त्या वर्षी तिच्याकडे एक रस्ता आला. उपनगरातला, अडीच किलोमीटरचा. एका टोकाला मोठं हॉस्पिटल, दुसऱ्या टोकाला शाळा, मधे एका बाजूला ओळीने दुकानं आणि दुसऱ्या बाजूला कुंपणांची घरं. दोन्ही कडांना दिवसभर गाड्या उभ्या असायच्या. मधून वाहनं जेमतेम जायची, आणि त्या जेमतेम जागेतून सायकलवाले अंग चोरून वाट काढायचे. भिंगरीने सहा दिवस तिथे सायकली मोजल्या, सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते सात. एका जागी उभं राहणं तिला जमत नसल्यामुळे तिने त्या फुटपाथवर येरझाऱ्या घालत मोजल्या. दिवसाला चारशेच्या वर भरल्या. निम्म्याहून जास्त माणसं हॉस्पिटलची होती. वॉर्डातली, धुलाईतली, स्वयंपाकघरातली.

दोन वर्षांत तिथे पाच सायकलवाल्यांना अपघात झाले होते. त्यातला एक गेला. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. उभ्या गाडीचं दार कोणीतरी मागे न बघता उघडलं, तो दारावर आदळून रस्त्यात पडला आणि मागून ट्रक आला. हे घडलं दादाच्या दुकानासमोर.

दादाचं फ्रेमचं दुकान त्याच रस्त्यावर होतं. चित्रं, फोटो, पदव्या, आरसे. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि भिंगरी सहाची. त्याने शाळा सोडून दुकान हातात घेतलं आणि बहिणीला अभियंता होईपर्यंत शिकवलं. तिच्या पदवीला त्याने केलेली चौकट इतकी जड होती की ती टांगायला तिला भिंतीत दोन खिळे मारावे लागले होते.

काम मिळालं त्याच दिवशी ती साहेबांकडे गेली. म्हणाली, "त्या रस्त्यावर माझ्या सख्ख्या भावाचं दुकान आहे."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. नीट ऐकायचं असलं की ते असं करायचे. "लिहून दे," ते म्हणाले. तिने लिहून दिलं. "झालं तर मग. आता काम कर."

काम अवघड होतं, पण सरळ होतं. नुसते पट्टे रंगवून भागणार नव्हतं, रंगाला ट्रक भीत नाही. सायकलींसाठी वेगळी वाट करायची, तीन मीटर रुंद, जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघांना पुरेल अशी, आणि ती वाट नि गाड्या यांच्या मध्ये वीतभर उंच काँक्रीटचा कठडा घालायचा. त्यासाठी एका बाजूच्या उभ्या गाड्या कायमच्या हलवाव्या लागणार होत्या. घरांच्या बाजूला तेवीस फाटकं होती, आणि प्रत्येक फाटकातली गाडी सायकलींच्या आडवी येणार होती. दुकानांच्या बाजूला अशा जागा नऊच होत्या. आकडे साफ सांगत होते, दुकानांची बाजू. म्हणजे दादाची बाजू.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. घरांची बाजू घेतली असती तर लोक म्हणाले असते, भावाला वाचवलं. तिने आकड्यांचं ऐकलं.

मग तिने दुकानन्‌दुकान फिरून विचारलं, तुमचा माल कसा येतो, किती जड असतो, किती वेळ लागतो. शेजारी शेजारी तीन दुकानं अडचणीची निघाली. फरशांचं, औषधांचं, जिथे ऑक्सिजनच्या टाक्या यायच्या, आणि मधलं दादाचं, जिथे दर मंगळवारी पुरुषभर उंचीच्या काचा यायच्या. तिघांनाही पुरेल अशी एक जागा तिने नकाशात काढली. बारा मीटर लांब. तिथे कठडा थोडा आत वळायचा, मालाची गाडी उभी राहायची, आणि सायकलवाट उंच होऊन सायकलवाल्याला आपोआप वेग कमी करावा लागायचा. चौकोन छान बसला होता. तो बरोबर दादाच्या दाराशी होता, कारण मधलं दुकान त्याचंच होतं.

नकाशे काढणाऱ्याने तो पडद्यावर पाहिला आणि हसत म्हणाला, "वा मॅडम. भावाला खास अंगण."

त्याच्या मनात काही नव्हतं. हवेबद्दल बोलावं तसा तो बोलला आणि डबा घेऊन जेवायला गेला. भिंगरीही हसली. मग ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. ऑफिस रिकामं होतं. तिने खुर्चीत न बसताच वाकून तो चौकोन निवडला आणि खोडला. त्या जागी कठडा सरळ झाला. खाली टीप लिहिली, माल बाजूच्या गल्लीत उतरवता येईल, अंतर सत्तर मीटर. नियमात शंभर मीटरपर्यंत चालत होतं. तिला कोणी विचारलं नाही, नकाशा मंजूर झाला.

पंधरवड्याने ती दादाला सांगायला गेली. तो मागच्या खोलीत मोठ्या टेबलावर काच आखत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"दारातल्या गाड्या जाणार, दादा."

"ऐकलंय."

"कोणाकडून?"

"रंगवाल्याकडून. आधी फरशीवाल्याला कळलं, मग रंगवाल्याला, मग मला. माझ्या बहिणीकडून शेवटी कळतंय." कटर काचेवरून करकरत गेला. त्याने काच टेबलाच्या कडेला आणून हलकेच दाबली आणि ती रेघेवर तुटली. "माझी काच कुठे उतरवायची?"

"गल्लीत. सत्तर मीटरवर."

आता त्याने वर पाहिलं. "सत्तर मीटर."

"नियमात शंभरपर्यंत चालतं."

"नियमाने कधी काच उचललीय?"

वहिनी चहा घेऊन आली आणि दोघांच्या तोंडांकडे बघून दारातच थांबली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली. "चहा घ्या आधी, मग चावा."

कोणी हसलं नाही. भिंगरी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, आणि चालता चालता जे बोलायला नको होतं ते बोलून गेली. "तो माणूस तुझ्याच दारात गेला ना, दादा? तुला तरी समजायला हवं."

दादाने कटर खाली ठेवला. "तुझ्या नकाशावर तो लाल ठिपका आहे," तो म्हणाला. "मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. फ्रेमच्या मागे लावायचा खाकी कागद त्याच्यावर मी घातला. मला शिकवू नकोस."

तिने चहा घेतला नाही.

शाळेच्या सभागृहात लोकांना बोलावून योजना समजावली गेली. सगळे दुकानदार आले, हॉस्पिटलची पंधरा-वीस माणसं आली. बरीच आरडाओरड झाली. धंदा बसणार, गिऱ्हाईक उडणार, उद्या म्हणाल घोड्यांसाठी वाट करा. भिंगरी आकडे सांगत राहिली. मग दादा उठला. तो कधी मोठ्याने बोलत नसे, त्यामुळे सभागृह गप्प झालं.

"मॅडमनी सहा दिवस सायकली मोजल्या," तो म्हणाला. त्याने तिला मॅडम म्हटलं. "माझं एवढंच विचारणं आहे. काच घेऊन सत्तर मीटर चालायचं, गर्दीच्या फुटपाथवरून. वाऱ्याच्या दिवशी. हे कोणी चालून बघितलंय का?"

तिने चालून बघितलं होतं, लहानपणी, काचेचं दुसरं टोक धरून. काचेला वारा लागला की ती शिडासारखी ओढते हे तिला माहीत होतं. समोर दोनशे माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांना ती कोणाची बहीण आहे हे ठाऊक होतं.

"अंतर नियमात बसतं," ती म्हणाली.

दादा खाली बसला. त्या दिवसापासून त्याने तिचा फोन घेणं बंद केलं. वहिनी घ्यायची, पण दोनच वाक्यांत. बरे आहेत, दुकानात आहेत.

कठडा अकरा दिवसांत झाला. मुकादम कामाचा पक्का होता, त्याने एकही सांधा वाकडा होऊ दिला नाही. वाट उघडली आणि पहिल्याच महिन्यात सायकली चारशेच्या सहाशे झाल्या. शाळेची मुलं फुटपाथवरून वाटेवर आली. एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी पाहणीला उभ्या असलेल्या तिच्या ऑफिसच्या लोकांना हात करून जायचे, जसं काही त्यांनी ती वाट त्यांच्या एकट्यासाठीच केली होती. साहेबांनी बैठकीत तिचं नाव घेतलं. वर्तमानपत्रात एक फोटो आला.

भिंगरीला मात्र चैन पडत नव्हती. बोटात कुसळ गेलं की डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येक वस्तू उचलताना टोचतं, तसं झालं होतं. ती रोज कामाला जाताना मुद्दाम त्या रस्त्याने जायची, घरांच्या बाजूला थांबायची आणि पलीकडे बघायची. एका मंगळवारी तिला गल्लीच्या तोंडाशी दादा आणि काचेच्या गाडीचा ड्रायव्हर दिसले. दोघं तिरके चालत काच आणत होते, लोकांना बाजूला व्हा म्हणत, दर दहा पावलांनी थांबत. सहा काचा, सहा खेपा. तिने घड्याळ लावून पाहिलं, चाळीस मिनिटं लागली. पूर्वी दहा लागायची. ऑफिसात गेल्यावर तिने तो जुना नकाशा उघडला, जिथे चौकोन अजून होता. बघितला आणि बंद केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडला. साहेबांना सांगायचं असं तिने तीनदा ठरवलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता कठडा झालाय, आता सांगितलं तर विचारतील तेव्हा का नाही सांगितलं.

वाट उघडल्यानंतरच्या सातव्या मंगळवारी सकाळी पावणेअकराला वहिनीचा फोन आला. "हात कापलाय," ती म्हणाली. "हॉस्पिटलला नेतायत. तू ये."

ती ऑफिसच्या गाडीने निघाली. पण त्या रस्त्याला लागली तर पुढे सगळं तुंबलेलं. ती उतरली आणि सायकलवाटेवरून पळत सुटली. मागून घंटी वाजली आणि एक माणूस सायकलवरून पुढे जाता जाता शांतपणे म्हणाला, "बाई, ही चालायची वाट नाही."

दुकानासमोर काच पडली होती, फुटपाथपासून कठड्यापर्यंत. त्यात रक्त होतं. एक सायकल कठड्याला टेकवून ठेवली होती, तिचं पुढचं चाक वाकलं होतं. औषधवाल्याने तिला बघून नुसता हॉस्पिटलच्या दिशेला हात केला. ती पुढे पळाली.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर वहिनी बसली होती. तिच्या शेजारी एक पन्नाशीची बाई होती, हनुवटी खरचटलेली, बाह्या कोपरापर्यंत रक्ताने माखून वाळलेल्या. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करायची. सायकल तिची होती.

"दोन शिरा तुटल्यात," वहिनी म्हणाली. "बोटं हलवणाऱ्या. जोडतायत."

काय झालं ते त्या बाईने सांगितलं. तिने ते आधी पोलिसाला आणि डॉक्टरला सांगितलं होतं, तरी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

गल्लीत कोणाचं तरी घरसामान हलवायचा ट्रक आडवा उभा होता. म्हणून काचेच्या गाडीचा ड्रायव्हर मोठ्या रस्त्यावरच कठड्याला चिकटून थांबला. मागे भोंगे सुरू झाले, शिव्या सुरू झाल्या. दादा आणि ड्रायव्हर घाईघाईने काचा उतरवू लागले. कठडा ओलांडायचा, सायकलवाट ओलांडायची, दुकानात जायचं. दोन काचा गेल्या. तिसरी घेऊन दोघं वाटेच्या मध्यावर असताना ती बाई शाळेच्या बाजूने आली. दादाने हॉस्पिटलच्या बाजूला पाहिलं होतं, या बाजूला नाही.

"मला दोन माणसं दिसली," ती म्हणाली. "एक इथे, एक तिथे. मधे एवढं अंतर." तिने दोन्ही हात पसरले. "दोघांचे हात असे काहीतरी धरल्यासारखे. पण हातात काही नव्हतं हो. मला वाटलं, मधे भरपूर जागा आहे. मी घंटी वाजवली आणि मधून जायला निघाले."

"काच समोरून दिसत नाही, बाई," ती बाई म्हणाली. "तुमचे भाऊ ओरडले, मी ब्रेक दाबला, घसरले, आणि चाक काहीतरी आहे त्याच्यावर आपटलं. मग आवाज झाला तेव्हा कळलं." वरचा अर्धा भाग दादाच्या उजव्या हातावर आला होता. ड्रायव्हर तिथेच डोकं धरून बसला. या बाईने टोपलीतला आपला ॲप्रन काढून हाताला आवळून बांधला आणि कोणाच्या तरी गाडीतून हॉस्पिटलला पोचेपर्यंत त्यावर गुडघा देऊन बसली. "स्वयंपाकघरात सुऱ्या असतात," ती म्हणाली, जणू खुलासा करायला हवा होता. "एवढं येतं आम्हाला."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "वाट चांगली आहे तुमची. मी दोन वर्षं त्या ट्रकांच्या मधून गेलेय. चांगलीच आहे. पण तिथे काच नेतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

वहिनी एकदाच बोलली, डॉक्टर बाहेर येऊन गेल्यावर. "तू त्या दिवशी सभेत जे उत्तर दिलंस, ते तुझं नव्हतं. मी त्यांना तेव्हाच म्हटलं, ही असं बोलत नाही. काहीतरी आहे हिच्या पोटात."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी साहेबांपुढे दोन नकाशे घेऊन उभी राहिली. एकात चौकोन होता, एकात नव्हता. साहेबांनी घड्याळ काढून ठेवलं आणि दोन्ही नकाशे बराच वेळ पाहिले.

"खोडलं कोणी?"

"मी."

"कोणी सांगितलं म्हणून?"

"कोणीच नाही. लोक म्हणतील भावासाठी केलं, म्हणून."

"तिथे गरज होती?"

"होती. तीन दुकानांची. माझ्या वहीत आहे सगळं."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "मला तू पहिल्या दिवशी लिहून दिलंस ते याच्याचसाठी होतं," ते म्हणाले. "लोक काही म्हणाले असते तर तो कागद मी पुढे केला असता. तू माझ्याकडे यायचं सोडून स्वतःच निकाल दिलास. भावाला द्यायचं नाही म्हणून तू औषधवाल्यालाही दिलं नाहीस, फरशीवाल्यालाही नाही."

"हो."

"भावाला खिरापत वाटणारे मी पुष्कळ पाहिले. हा प्रकार पहिल्यांदा पाहतोय. पण चूक तीच आहे. नातं बघून रेघ मारलीस."

त्यांनी तिच्याकडून ते सगळं कागदावर घेतलं, तिच्याच शब्दांत, आणि रस्ता तिच्याकडून काढून घेतला. तिला पावसाळी गटारांच्या कामावर टाकलं. रस्ता दुसऱ्या एका अभियंत्याकडे गेला. तो जाड चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस होता, प्रत्येक गोष्टीला "बघतो" म्हणणारा. ऑफिसात आठवडाभर कुजबुज झाली. नकाशे काढणारा तिच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, मी ते गमतीत म्हटलं होतं." ती म्हणाली, "माहीत आहे मला." तो तिथेच उभा राहिला. शेवटी तीच उठून गेली.

दादाला सांगणं राहिलं होतं. तो घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती गेली. दुकानाच्या वरच राहायचे ते. दादा खिडकीशी बसला होता, उजवा हात पट्ट्यात, कोपरापासून बोटांपर्यंत पांढरा. वहिनी खाली दुकानात होती. भिंगरीने सगळं सांगितलं. चौकोन, नकाशेवाला, जेवणाची सुट्टी, सभा. सांगताना ती खोलीत चालत नव्हती. भिंतीला पाठ लावून उभी होती.

दादाने मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "म्हणजे मी तुझा कोणी नसतो, तर माझ्या दारात जागा झाली असती."

"झाली असती."

"फरशीवाल्याची तू कोणी लागत नाहीस. त्याचं दुकान मधलं असतं तर?"

"तर झाली असती."

तो बाहेर बघत राहिला. खाली सायकली जात होत्या, एकामागून एक. "सभेत तू नियम सांगितलास," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, मोठी झाली, आता आपण हिला परके. रात्रभर मी तुझ्या वहिनीला म्हणत होतो, शिकवलं त्याचं हे फळ. आणि तू म्हणतेस, जवळचा होतो म्हणून केलंस."

"भीती वाटली मला."

"कशाची? रंगवाला काय म्हणेल याची?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझा हात जाऊ दे. ती बाई. काच तिच्या मानेवर आली असती तर? मी पुन्हा कागद आणायला धावलो असतो, भिंगरे."

ती खाली बसली. ओंजळीत तोंड घालून ती बराच वेळ रडली, आणि त्याने तिला उगी म्हटलं नाही. रडणं थांबल्यावर त्याने डाव्या हाताने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. निम्मं पाणी टेबलावर सांडलं.

"माझंही सगळं खरं नव्हतं," तो म्हणाला. "मला दारात गाड्या हव्याच होत्या. सभेत काचेचं बोललो, पण मनात गिऱ्हाईकच होतं. मोठी फ्रेम घेऊन कोण चालत येतंय? तेही लिही कुठे लिहायचं असेल तर."

"माझ्याकडे आता काही लिहायला नाही, दादा. रस्ता काढून घेतला माझ्याकडून."

हे त्याला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

माल उतरवायची जागा व्हायला अडीच महिने लागले. चष्मेवाल्याने "बघतो, बघतो" म्हणत सगळं नीट पाहिलं. जागा दादाच्या दाराशी न होता फरशीवाल्याच्या बाजूला आठ पावलं सरकली, कारण मधे पाण्याची झडप होती. सायकलवाट तिथे उंच झाली, लाल विटांची झाली, आणि दोन्ही बाजूंना पाटी लागली. काच नेणाऱ्यांनी दोन्ही टोकांना केशरी फडकी बांधायची असा नियम दादाने स्वतःच काढला.

हात भरला, पण पूर्ण नाही. करंगळी आणि शेजारचं बोट मुठीत येईना. काच आखायला जो दाब लागतो तो त्याला देता येईना. वहिनी कापायला शिकली. तो तिच्या खांद्यामागे उभा राहून सूचना द्यायचा, एक दिवस तिने कटर त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, एक तर तुम्ही कापा नाही तर मला कापू द्या. त्यानंतर तो पुढच्या काउंटरवर बसू लागला. गिऱ्हाईक कमी झालं का, याचं उत्तर तो रोज वेगळं द्यायचा.

काउंटरवर बसलं की रस्ता दिसतो. दादा रस्ता बघू लागला, आणि मग महापालिकेला पत्रं येऊ लागली. डाव्या हाताने लिहिलेली, ओळी चढत्या. पहिलं पत्र, शाळेच्या टोकाला वाटेच्या तोंडाशी लावलेल्या दोन खांबांमध्ये फट जास्त आहे, तिथून मोटरसायकली वाटेत शिरतात. दुसरं, फरशीवाला आपले नमुने वाटेला टेकवून ठेवतो. तिसरं, पानं झाडली जात नाहीत, सायकली घसरतात. चौथं पुन्हा मोटरसायकलींचं. चष्मेवाला ती घेऊन भिंगरीच्या टेबलाशी आला.

"हे तुमचे बंधू ना? आठवड्याला एक येतंय."

"माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली. "त्या रस्त्याशी माझा संबंध नाही."

"तसं नाही, मी म्हटलं बघावं."

"तुम्हीच बघा."

त्याच शनिवारी दादाचा फोन आला. अपघातानंतर तो फोन घ्यायचा, पण स्वतःहून कधी करत नसे. "मोटरसायकलींचं काय झालं?" त्याने विचारलं.

"मी त्या कामात नाही, दादा."

"मग कोणाला सांगू? तो बघतो म्हणतो."

"आकडा दिलास का त्याला? किती शिरतात, कधी शिरतात?"

"पुष्कळ शिरतात असं लिहिलंय."

"पुष्कळ हा आकडा नाही."

"तुला सुट्टी आहे ना सोमवारी?" दादा म्हणाला.

सोमवारी सकाळी सात वाजता ती शाळेच्या टोकाला पोचली तेव्हा दादा आधीच तिथे होता, दुकानातली घडीची खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन, डाव्या हाताने रेघा मारत. तिच्यासाठीही त्याने एक खुर्ची आणली होती. ती बसली नाही. खांबापासून झाडापर्यंत फेऱ्या मारत मोजू लागली. मोटरसायकली फटीतून शिरत होत्या, सायकलवाल्यांना घंटी मारायला लावत होत्या, आणि स्वतःच्याच घाईत निघून जात होत्या. आठ वाजता शाळेची मुलं सुरू झाली. एका मोटरसायकलचा आरसा एका मुलीच्या दप्तराला घासून गेला. मुलगी डगमगली आणि सावरली.

"हे लिही," भिंगरी म्हणाली. "वेळेसकट लिही."

"लिहिलं. चौतीस झाल्या."

"पस्तीस."

"चौतीस. तू ती विजेवरची धरलीस. तिला पायडल होतं, मी पाहिलं."

"पायडल नुसतं दाखवायला असतं. ती मोटरसायकलच."

"जिला पायडल आहे ती सायकल."

"दादा, नियमात तिच्या वेगावर ठरतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि नियमाबद्दल तो काहीतरी म्हणणार हे तिला दिसलं. पण फटीतून आणखी दोन आल्या, एकामागून एक, दुसरीवर तिघं बसलेले. दादाने वही सावरली आणि रेघ मारली. भिंगरी पुढे होऊन नंबर वाचायला लागली.